पाण्यांतील मासळीची आणेवारी

नाशिकहून गंगापूर रोडनें पश्चिमेस निघालें म्हणजे सोमेश्वर मागें पडतें आणि पुढें कांहीं वेळानें गंगापूर धरणाचा बांध दिसूं लागतो. गोदावरीवरील हें मातीचें धरण १९६५ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याकडे आपण बागायतदार केवळ पाटाचें पाणी म्हणून पाहतों. परंतु त्याच पाण्यांत दुसरेंही एक पीक वाढत असतें. आपल्या राज्यांत धरणांतील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असते. मागें एकदां कांठावर जाळीं वाळत घातलेलीं पाहून आमच्या सोबतच्या एका द्राक्षबागायतदारानें विचारलें, "ह्या लोकांना आंत माल किती आहे हें कळतें तरी कसें?" प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर चुकल्यामुळें बंदरेंच्या बंदरें बसलीं आहेत. सबब तो येथें जरा विस्तारानें घेतों.

अदमास बांधणें शेतकऱ्यास नवें नाहीं. गांवची आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, ठरवितांना सगळें शिवार कापून कोणी मोजीत नाहीं. निवडक तुकड्यांच्या उताऱ्यावरून साऱ्या गांवाचा अंदाज करतात. मासळीचेंही तत्त्व हेंच. फरक इतकाच, कीं शेत जागचें हलत नाहीं आणि डोळ्यांपुढें असतें. मासळी दिसतही नाहीं व एका ठिकाणीं राहतही नाहीं.

ह्यावर पहिली युक्ति डेन्मार्कच्या पीटरसन नांवाच्या शास्त्रज्ञानें काढली. त्यानें १८९६ च्या सुमारास चपट्या माशांना खुणा बांधून ते पाण्यांत सोडले व पुढें किती परत सांपडतात हें पाहिलें. ज्यांच्या मळ्यांत शेततळें आहे त्यांना ही रीत घरींच करून पाहतां येईल. समजा, तळ्यांतून २०० मासे धरले, प्रत्येकाच्या पराचें टोक किंचित् कातरलें आणि ते परत सोडले. आठ दिवसांनीं पुन्हां जाळें टाकलें, त्यांत ३०० मासे आले, पैकीं १२ खुणेचे निघाले. म्हणजे दर २५ माशांत एक खुणेचा. खुणेचे एकंदर २०० असल्यामुळें तळ्यांत सुमारें ५,००० मासे असले पाहिजेत. हिशेब त्रैराशिकाचा आहे; परंतु त्याच्या अटी कडक आहेत. खुणेचा मासा मरतां कामा नये, तो इतरांत नीट मिसळला पाहिजे, आणि मधल्या काळांत बाहेरून मासा आंत येतां किंवा आंतला बाहेर जातां कामा नये. पावसाळ्यांत धरणाचे दरवाजे उघडल्यावर ही शेवटची अट कोण पाळणार!

दुसरी रीत १९३९ सालीं लेस्ली ह्यांच्या लेखानें पुढें आली. तींत खूण नाहीं, फक्त वही लागते. तींच जाळीं, तितकाच वेळ, रोज टाकावीं. पहिल्या दिवशीं १०० किलो, दुसऱ्या दिवशीं ९०, तिसऱ्या दिवशीं ८१ अशी मासळी आली, तर उतारा रोज एक दशांशानें घटतो आहे. म्हणजे पहिल्या दिवशींचे १०० किलो हा साऱ्या मालाचा दहावा हिस्सा होता, व आरंभीं तळ्यांत सुमारें १,००० किलो मासळी होती. येथें मुख्य गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही, कीं नुसत्या मासळीच्या वजनावरून कांहीं कळत नाहीं; तें किती जाळ्यांनीं व किती वेळांत आलें हें कळलें तरच त्याला अर्थ येतो. दहा जाळ्यांनीं आणलेले २०० किलो आणि चाळीस जाळ्यांनीं आणलेले २०० किलो बाजारांत सारखेच. पाण्याच्या दृष्टीनें मात्र दुसऱ्यांत धोक्याची घंटा आहे.

तळ्याची गोष्ट येथवर ठीक. समुद्रास बांध नाहीं. सातपाटीचा पापलेट किंवा वसईच्या डोल जाळ्यांतील बोंबील ह्यांची गणना अशी कोण करणार? १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे लोक ह्यासाठीं बंदरोबंदर फिरतात. सर्व बंदरें रोज पाहणें अशक्य, म्हणून ते बंदरें व दिवस निवडतात, त्या दिवशीं आलेल्या होड्यांपैकीं कांहींची मासळी जातवार तोलतात, किती तास मासेमारी झाली तें लिहून घेतात, आणि त्यावरून महिन्याचा आंकडा बांधतात. हीही आणेवारीच होय.

ह्यापुढें प्रश्न वयाचा. गोठ्यांत जनावरें किती एवढ्यानें भागत नाहीं. कालवडी किती व भाकड किती हें पाहावें लागतें. १९३१ सालीं रसेल ह्यानें मासळीचा जमाखर्च असाच मांडला. नवी पिल्लें जाळ्याजोगीं होतात व लहान मासे वजनानें वाढतात ही जमा. आपोआप मरतात व माणूस मारतो हा खर्च. खर्च जमेहून वाढला कीं मुद्दल खाल्लें जातें. थंड देशांत माशाच्या कानांतील खड्यासारख्या हाडावर वर्षाला एक वलय उठतें व झाडाच्या बुंध्याप्रमाणें त्याचें वय मोजतां येतें. आपल्याकडे तशी कडक थंडी नसल्यामुळें वलयें बहुधा स्पष्ट नसतात. म्हणून महिन्यामागून महिना शेंकडों माशांची लांबी मोजून, एका वेळीं जन्मलेला घोळका कसकसा वाढत गेला हें ताडावें लागतें. काम कंटाळवाणें आहे, पण त्यावांचून गत्यंतर नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें ५४ जातींसाठीं कमीत कमी लांबी ठरवून त्याहून लहान मासे धरण्यास मनाई केली, तिच्यामागें असल्याच मोजण्या आहेत. पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला तोही त्याच वर्षीं. अंडीं घालण्यापूर्वींच मासा उचलणें म्हणजे बियाण्याचें पोतें दळून खाणें.

१८८३ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत हक्स्लीसारख्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञानें, समुद्रांतील मोठ्या मासेमारीस अंत नाहीं असें प्रतिपादन केलें होतें. तेव्हां होड्या शिडाच्या होत्या. पुढें कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाची मोजणी अद्ययावत् रीतीनें होऊं लागली, आणि तरीही ती फसली. मासळी जसजशी कमी झाली तसतशी उरलेली एकत्र गोळा झाली. यंत्रांनीं सज्ज जहाजें नेमकीं तेथें जात व जाळीं भरून आणीत. जाळ्यामागें उतारा टिकून आहे, तेव्हां साठाही टिकून आहे, असा समज झाला. सरकारी पाहणीच्या जहाजाचे आंकडे उतरते होते, पण त्यांना पुरतें वजन दिलें गेलें नाहीं. २ जुलै १९९२ रोजीं ती मासेमारी बंद करावी लागली व सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार गेला.

हें इतकें लांबचें सांगण्याचें कारण गंगापूर रोडच्या टोकाशीं आहे. धरण पूर्ण भरलें असतां त्यांत सुमारें ५,६०० दशलक्ष घनफूट पाणी असतें. एप्रिल-मे महिन्यांत त्याचा थोडाच अंश उरतो. मासळी तेवढीच, जागा मात्र लहान. त्या दिवसांत जाळें जड येतें व संस्थेचे सभासद खूष होतात. पण तो भरपूर मालाचा पुरावा नव्हे. तें कॉडचेंच सोंग आहे. मे महिन्याच्या उताऱ्यावर पुढील वर्षाच्या ठेक्याची बोली करणाऱ्या संस्थेची आम्हांस काळजी वाटते.

धरणाच्या बाबतींत एक सोय मात्र आहे. कटला, रोहू व मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यांत वितात, साठलेल्या पाण्यांत सहसा नाहींत. म्हणून त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडतात. किती सोडली हें वहींत असतेंच. पुढें जाळ्यांत किती आले हें जातवार लिहिलें, तर शंभरांपैकीं किती जगले ह्याचा हिशेब कोणाही कारकुनास करतां येईल. त्यासाठीं वहींत रोज तारीख, होड्या, जाळ्यांची संख्या व त्यांचा आस म्हणजे डोळ्याचें माप, पाण्यांत ठेवलेले तास, जातवार नग व वजन, आणि दर जातीच्या पंचवीस-तीस माशांची लांबी एवढें असावें. शेवटच्या रकान्यांत त्या दिवशींची धरणाची पातळी लिहावी. ती पाटबंधारे खात्याकडे मिळते, तिला पैसा पडत नाहीं, आणि बहुतेक वह्यांत नेमका तोच रकाना नसतो.