बेरीज-वजाबाकीने सुटणाऱ्या प्रकाशलहरी

सारसोळ्यात आमच्या शेजारची दहावीतली मुलगी परवा एकसामयिक समीकरणे घेऊन आली. "काका, आधी बेरीज करा, मग वजाबाकी करा. याचा पुढे उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. तिला दिलेले उत्तर येथे मांडतो.

हिरव्या लेसरचा प्रखर झोत (याला 'पंप' म्हणतात) विशिष्ट स्फटिकातून गेला, की त्यातील काही फोटॉन दुभंगतात. ५३२ नॅनोमीटरच्या एका फोटॉनपासून ८०० आणि सुमारे १५८८ नॅनोमीटरचे दोन फोटॉन मिळू शकतात. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. पंपाबरोबर ८०० नॅनोमीटरची क्षीण लहर आत सोडली, तर ती वाढत जाते. ही 'सिग्नल' लहर. तिची जोडीदार 'आयडलर'. या क्रियेला प्रकाशीय पॅरामेट्रिक प्रवर्धन म्हणतात.

सिग्नलचा आयाम 'स' आणि आयडलरचा 'आ' मानू. आयामाच्या वर्गावरून फोटॉनांची संख्या कळते. पंप फारसा खर्च होत नाही आणि तिन्ही लहरींची लय स्फटिकभर जुळलेली राहते असे धरले, तर:

स चा वाढीचा दर = ग × आ
आ चा वाढीचा दर = ग × स

'ग' पंपाच्या तीव्रतेवर आणि स्फटिकावर अवलंबून असतो. यातले एकही समीकरण एकटे सुटत नाही. म्हणून बेरीज करू: (स + आ) चा दर ग × (स + आ). वजाबाकी केल्यास (स − आ) चा दर −ग × (स − आ). गुंता सुटला! बेरीज चक्रवाढ व्याजासारखी वाढते, वजाबाकी त्याच प्रमाणात घटते.

सुरुवातीला स = १, आ = ० घ्या. ग × लांबी = ३ झाल्यावर बेरीज सुमारे २०.०९ व वजाबाकी ०.०५ होते. म्हणजे स सुमारे १०.०७, आ १०.०२. वर्ग केल्यास एका सिग्नल फोटॉनमागे सरासरी १०१ सिग्नल आणि १०० आयडलर फोटॉन. फरक एकाचाच, कारण नवे फोटॉन जोडीनेच जन्मतात. लय जुळली नाही तर मात्र ही वाढ खुंटते. म्हणून स्फटिकाचा कोन किंवा तापमान काटेकोर राखतात.

दोन्ही लहरी एकाच तरंगलांबीच्या असल्या, की लहरीचा एक भाग फुगतो आणि दुसरा आकसतो. त्या दुसऱ्या भागातील पुंजकीय गोंगाटही आकसतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी २०१९ पासून निरीक्षणांत असा प्रकाश वापरला. त्याच जातीच्या वेधशाळेला हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ २०२३ साली मंजुरी मिळाली.

विद्यार्थ्यांना ग × लांबी = १ आणि २ घेऊन हेच गणित करायला द्या. दोन्ही वेळा वर्गांतील फरक किती येतो, ते त्यांनाच शोधू द्या.