खोल समुद्रातील हाक आणि घरचा दूरध्वनी

जुलै महिन्यातील दुसरा रविवार ख्रिस्तसभा 'सागर रविवार' म्हणून पाळते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या आपल्या धर्मग्रामांना समुद्र दूरचा वाटतो. परंतु तळेगाव-चाकण मार्गावर इंदोरी येथेच तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे आणि तेथे शिकलेले तरुण जगभरच्या समुद्रांवर जातात. त्यांपैकी एखाद्याला शिडाच्या नौकेचीही ओढ लागू शकते. किनारा दृष्टीआड झाल्यावर अशा नौकेवरून मदतीची हाक कशी पोहोचते, हे घरच्यांनाही ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते.

किनाऱ्यापासून काही मैलांवरच मोबाइल मुका होतो. व्हीएचएफ रेडिओचा 16 क्रमांकाचा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी ठरलेला आहे. मात्र त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. लहान नौकेवरून पंधरा-वीस मैलांवरील जहाजाने हाक ऐकली तरी पुष्कळ. त्यापलीकडे भिस्त उपग्रहांवर.

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी 2018 साली 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत एकटेच 'थुरिया' ही गोव्यात बांधलेली नौका चालवीत होते. 21 सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पर्थ सुमारे 1,900 सागरी मैल दूर होते. आणीबाणीची पिशवीही त्यांच्या हाती लागणे कठीण झाले होते. उपयोगी पडले ते उपग्रहाद्वारे त्रोटक मजकूर धाडणारे छोटे यंत्र आणि ईपर्ब नावाचे संकटसूचक यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या केंद्राने सूत्रे हलविली, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका शोधली आणि 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. तीन दिवस! साधन जवळ असणे निराळे आणि अंथरुणावरून हाताला लागणे निराळे.

ईपर्ब 406 मेगाहर्ट्झवर किमान 48 तास संदेश देत राहते. उपग्रहाने टिपलेला संदेश भूकेंद्राकडे जातो. भारतात तो इस्रोच्या बेंगळुरू येथील केंद्रातून तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्राकडे पोहोचतो. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. यंत्राची नोंदणी केलेली असेल, तरच त्या क्रमांकावरून नौका कोणाची व घरी कोणाला विचारावे, हे कळते.

येथेच कुटुंबाचा संबंध येतो. चुकून सुरू झालेली यंत्रे पुष्कळ असल्याने केंद्र नोंदणीतील क्रमांकावर विचारणा करते. नौका खरोखर समुद्रात आहे काय, तिचा रंग कोणता, माणसे किती, शेवटचा निरोप केव्हा व कोठून आला? घर बदलले, दूरध्वनी बदलला आणि नोंद जुनीच राहिली, तर मोलाचे तास वाया जातात. ही माहिती कागदावर लिहून घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी. नोंदणीत रात्रपाळीला जाणाऱ्या एकट्याचाच क्रमांक नसावा, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते.

निरोपाची वेळही निघण्यापूर्वीच ठरवावी. एक निरोप चुकला तर बहुधा बॅटरी संपलेली असते. किती चुकल्यावर तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर कळवायचे, ते आधीच ठरलेले असावे. उपग्रह दूरध्वनी मात्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगता येत नाही, याचा परदेशातून तो आणणाऱ्यांना हटकून विसर पडतो.