नंबर दिसतो, नाव दिसत नाही : ट्रंक रेडिओवरच्या अनोळखी आवाजांबद्दलचे गैरसमज

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांची बिनतारी संभाषणे ऐकण्याचा छंद जुना आहे. एकेकाळी तो सोपाही होता. स्कॅनर आणायचा, आपल्या गावच्या पोलिसांची फ्रिक्वेन्सी टाकायची आणि ऐकत बसायचे. शहरांनी ट्रंक प्रणाली घेतल्यावर हे मोडले आणि पोलिसांचे एक वाक्य इथे, दुसरे भलतीकडेच ऐकू येऊ लागले. १९९७ साली युनिडेन कंपनीचा ‘बीसी २३५ एक्सएलटी’ हा ट्रंक प्रणालीचा माग काढू शकणारा स्कॅनर बाजारात आला आणि संभाषण पुन्हा सलग ऐकता येऊ लागले. त्याचबरोबर एक नवे कोडे समोर आले. पडद्यावर एक नंबर उमटतो, कोणीतरी बोलते; पण ते कोण? या कोड्याभोवती गैरसमजांचे दाट जाळे आहे. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना हा छंद जडला आहे, त्यांनी ते आधी सोडवून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

‘पोलिसांची फ्रिक्वेन्सी सापडली की काम झाले’

ट्रंक प्रणालीत कोणत्याही खात्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी नसते. पाच, दहा, वीस फ्रिक्वेन्सींचा एक सामाईक साठा असतो आणि तो सगळे मिळून वापरतात. बँकेत टोकन घेऊन बसावे आणि जी खिडकी मोकळी होईल तिचा आकडा पाटीवर झळकावा, तसा हा कारभार चालतो. पाटीचे काम करणाऱ्या फ्रिक्वेन्सीला कंट्रोल चॅनेल म्हणतात. तिच्यावर आवाज नसतो, अखंड डेटा वाहत असतो. सध्या अमेरिकेत सर्वाधिक दिसणाऱ्या ‘पी २५’ प्रणालीत त्याचा वेग सेकंदाला ९,६०० बिट असतो. अमुक टॉकग्रुपने, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या सेटच्या गटाने, अमुक फ्रिक्वेन्सीवर जावे, हा आदेश तिथून सुटतो आणि स्कॅनर तो वाचून मागोमाग जातो. म्हणून ओळखायचा असतो तो टॉकग्रुपचा नंबर. नुसती फ्रिक्वेन्सी लिहून ठेवल्याने बोलणारा कळत नाही.

‘नाव हवेतूनच येते’

स्कॅनरच्या पडद्यावर ‘फायर डिस्पॅच’ अशी अक्षरे दिसली की ती प्रणालीनेच पाठवली, असे नवख्याला वाटते. ती येतात स्कॅनरमध्ये भरलेल्या यादीतून, आणि ती यादी छंदी लोकांनी वर्षानुवर्षे ऐकून तयार केलेली असते. हवेतून ग्रुपचा येतो तो निव्वळ आकडा. पी २५ मध्ये टॉकग्रुपचा नंबर १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, आणि प्रत्येक वॉकीटॉकीचा स्वतःचा आयडी २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जाणारा असतो. काही प्रणाली बोलणाऱ्या सेटचे नावही पाठवतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. यादीतले नाव हा कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. खाते आपला ग्रुप बदलते, यादी मात्र तशीच राहते.

‘लायसन्स बघा, कळेल कोण आहे ते’

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, म्हणजे एफसीसीची, लायसन्सची नोंदवही कोणालाही पाहता येते. फ्रिक्वेन्सी टाकली की लायसन्सधारक, टॉवरची जागा, कॉल साइन सगळे मिळते. शिवाय नियमाप्रमाणे ट्रंक प्रणालीने दर ३० मिनिटांनी आपल्या सर्वात खालच्या फ्रिक्वेन्सीवर कॉल साइन जाहीर करायची असते, बहुधा मोर्समध्ये. इतके पुरावे हाताशी असल्यावर प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण यातून कळतो तो प्रणालीचा धनी. बोलणारा कोण, हे त्यातून कळत नाही.

मिनेसोटाची राज्यव्यापी ‘आर्मर’ प्रणाली घ्या. तिचा सांगाडा राज्याच्या परिवहन खात्याने उभारला आणि तेच खाते तो सांभाळते. तिच्यावर बोलतात मात्र राज्य पोलीस, काउंटीचे शेरीफ, अग्निशमन दले, रुग्णवाहिका आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारे चालकसुद्धा. इलिनॉयची ‘स्टारकॉम २१’ तर मोटोरोला या खासगी कंपनीच्या मालकीची आहे आणि तिच्या प्रमुख वापरकर्त्यांत राज्य पोलीस आहेत. धनी पाहून वापरकर्ता ठरवायला गेलो तर दोन्हीकडे फसायला होते. आणखी एक गोष्ट : केंद्र सरकारच्या यंत्रणांचे रेडिओ एफसीसीच्या अखत्यारीतच येत नाहीत, त्यामुळे या नोंदवहीत त्या सापडत नाहीत. नोंदवहीत नाही म्हणून ते चोरटे प्रक्षेपण, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

‘नवा नंबर म्हणजे नवा वापरकर्ता’

हा गैरसमज सर्वात चिवट आहे, म्हणून जरा थांबून पाहू. मोटोरोलाच्या जुन्या ‘टाइप २’ प्रणालीत टॉकग्रुपचे नंबर १६ च्या पटीत असतात. मधले आकडे रिकामे ठेवले आहेत ते ग्रुपची अवस्था सांगण्यासाठी. समजा पोलिसांचा नेहमीचा ग्रुप ३३६१६ आहे. एका रात्री पडद्यावर ३३६१८ दिसतो. यादीत तो नाही, म्हणून ‘अनोळखी’ म्हणून त्याची नोंद होते. आता ३३६१६ ला १६ ने भागून पाहा : भागाकार २१०१, बाकी शून्य. ३३६१८ ला भागले तर भागाकार तोच आणि बाकी २. बाकी २ म्हणजे आणीबाणी. त्याच ग्रुपमधल्या कोणीतरी संकटाचे बटण दाबले आहे. बाकी ३ असेल तर डिस्पॅचरने, म्हणजे नियंत्रण कक्षातून सूचना देणाऱ्याने, तो ग्रुप दुसऱ्या ग्रुपला जोडला आहे. बाकी ८ असेल तर संभाषण कूटबद्ध आहे. यातला एकही नवा वापरकर्ता नाही. ज्या क्षणी ऐकणाऱ्याने सर्वात जास्त लक्ष द्यायला हवे, तोच क्षण ‘अनोळखी नंबर’ म्हणून वाया जातो, याची मला फार हळहळ वाटते.

हीच युक्ती पी २५ ला लावली तर मात्र उलटी चूक होते. तिथे आणीबाणीची खूण वेगळ्या जागी पाठवली जाते, त्यामुळे ३३६१६ आणि ३३६१८ हे खरोखरच दोन वेगळे ग्रुप असू शकतात. आधी प्रणाली कोणती ते पाहायचे, मग आकड्याचा अर्थ लावायचा.

‘खरखर ऐकू आली म्हणजे गुप्त’

तुटक, पाण्याखालून आल्यासारखा आवाज आला की तो एन्क्रिप्टेड, म्हणजे कूटबद्ध आहे, असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ. अनेकदा कारण वेगळे असते. मोठ्या शहरांत अनेक टॉवर एकाच क्षणी एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच संभाषण पाठवतात. ते संदेश किंचित मागेपुढे पोहोचले की साधा स्कॅनर गोंधळतो. याला सायमलकास्ट विकृती म्हणतात. २०१८ मध्ये आलेला युनिडेनचा ‘एसडीएस १००’ मुख्यतः यावरच तोडगा म्हणून लोकप्रिय झाला. साधा स्कॅनर असेल तर अँटेना बदलून, खोलीतली जागा बदलून पाहावे. खरे एन्क्रिप्शन असेल तर आजचे डिजिटल स्कॅनर तसे पडद्यावर दाखवतात आणि आवाज बंद ठेवतात.

कूटबद्ध ग्रुप ओळखताच येत नाही, हेही खरे नाही. बहुतेक प्रणालींत आवाज झाकलेला असतो, पण ग्रुपचा नंबर आणि सेटचा आयडी कंट्रोल चॅनेलवर उघडा असतो. त्यावरून ग्रुप कोणत्या खात्याचा याचा अंदाज बांधता येतो. कूट फोडण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. तो सरळसरळ गुन्हा आहे.

मग ओळखायचे कसे?

एकदा ‘इंजिन ५’ असे ऐकले आणि अग्निशमन दल लिहून टाकले, असे चालत नाही. डिस्पॅचरने दोन ग्रुप तात्पुरते जोडलेले असतील, शेजारच्या गावची मदत आलेली असेल. भरवशाचा पुरावा वागणुकीतून मिळतो. सकाळी आणि दुपारी तासभर गजबजणारा, शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुका असणारा ग्रुप शाळेच्या बसचा असण्याची शक्यता दांडगी. बर्फ पडू लागला की जागा होणारा ग्रुप रस्तेवाल्यांचा.

त्याहून पक्का धागा सेटच्या आयडीचा. सेट चालू झाला किंवा त्याने ग्रुप बदलला की तो कंट्रोल चॅनेलवर हजेरी लावतो, न बोलतासुद्धा. टीव्हीसाठी बनलेला स्वस्त यूएसबी रिसीव्हर आणि ‘एसडीआरट्रंक’ किंवा ‘डीएसडी प्लस’सारखे सॉफ्टवेअर असेल तर ही हजेरी संगणकावर टिपता येते. अनोळखी ग्रुपवरचे चार-पाच आयडी एरवी पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवर बोलत असतील, तर उत्तर जवळपास मिळालेच. फक्त आयडी म्हणजे माणूस समजू नये. गस्तीच्या गाडीत बसवलेला सेट तिन्ही पाळ्यांत तोच राहतो, त्यावर बोलणारे बदलतात.

आणि टॉवर. सामान्यतः एखाद्या ग्रुपचे संभाषण त्याच टॉवरवर जाते, जिथे त्या ग्रुपचा निदान एक सेट हजर आहे. काही ग्रुप सर्व टॉवरना कायमचे जोडलेले असतात, तो अपवाद. म्हणून आपल्याला ऐकू आले नाही याचा अर्थ ग्रुप अस्तित्वात नाही, असा होत नाही. उलट, नेहमी एकाच टॉवरवर सापडणारा ग्रुप त्या परिसराचा आहे, ही मोलाची खूण हाती येते. नोंद करताना तारीख, वेळ, टॉवर, आयडी आणि कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवावा. एकाने ठोकून दिलेला अंदाज पुढे शेकडो स्कॅनरमध्ये ‘माहिती’ म्हणून भरला जातो. पाळत ठेवणाऱ्या पथकाचा ग्रुप ओळखू आला, तर तो सर्वांसमोर मांडू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे कोणाचा तरी जीव पणाला लागलेला असतो.

‘ऐकणे बेकायदा’ आणि ‘ऐकणे सगळीकडे कायदेशीर’

दोन्ही चूक. अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्याने पोलीस-अग्निशमनची उघडी संभाषणे ऐकण्याला मुभा दिली आहे, मोबाइल फोनची नाही. ऐकलेले स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर १९३४ च्या संचार कायद्याने निर्बंध घातले आहेत. काही राज्यांत चालत्या गाडीत स्कॅनर बाळगण्यावरही बंधने आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम आधी वाचावा. भारतात तर चित्रच वेगळे आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून इथे रेडिओ उपकरण नुसते जवळ बाळगायलाही परवान्याचे बंधन आले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही अधिकृत परवानगीची अट आहे. सुट्टीला पुण्याला किंवा पणजीला येताना स्कॅनर बॅगेत टाकू नका, तिकडेच घरी ठेवून या.