मुलाच्या पोटगीचा हिशेब

नवराबायकोचे पटले नाही, फारकत झाली, मूल आईकडे राहिले आणि बापाने दरमहा पोटगी द्यावी असा हुकूम झाला, की भांडण मिटले असे लोक समजतात. वास्तविक पुष्कळ घरांत तेथून नवे भांडण सुरू होते. बाप म्हणतो, "पैसा मी पोरासाठी देतो, पण तो पोराच्या अंगी लागत नाही." कामगार आमच्याकडे पगारवाढीसाठी येतात, बोनससाठी येतात, तसे हे गाऱ्हाणे घेऊनही येतात. भांडगावहून कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या पगारातून महिना चार हजार रुपये जातात, तेव्हा ते त्याला जाणवणारच. त्याचा संशय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्या संशयावर तो जो पहिला उपाय योजतो, तो मात्र घातक असतो. तो पैसे बंद करतो.

पैसे बंद केल्याने आईला धडा मिळत नाही. मुलाच्या ताटातली भाकरी तेवढी कमी होते. शिवाय कायदाही बापाच्या विरुद्ध जातो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम सर्वांच्या ऐकण्यातले आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. हुकूम मोडला तर वॉरंट निघते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही. दहा महिने चार हजार थकवले, तर चाळीस हजार डोक्यावर राहतातच. पैसा जातो कोठे, हा मूळचा प्रश्न मात्र न्यायालयापुढे आलेलाच नसतो.

आता हा पैसा कोणाचा, ते पाहू. तो बापाचा उरलेला नाही आणि आईचाही झालेला नाही. तो मुलाचा आहे. आई केवळ त्याची वहिवाटदार. यातून दोन गोष्टी निघतात. बायकोच्या वागणुकीबद्दल नवऱ्याची काहीही तक्रार असो, तिच्यापायी मुलाची पोटगी तुटत नाही. आणि मूल भेटू देत नाहीत म्हणून पोटगी अडवता येत नाही. भेटीचा अर्ज निराळा, पोटगी निराळी.

तक्रार करण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. चार हजार भागिले तीस, म्हणजे दिवसाला सुमारे १३३ रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, दूध, कपडे, वह्या, एस.टी.चे भाडे, औषध आणि घरभाडे, गॅस, वीज यांतला मुलाचा वाटा बसवून पाहावा. "पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तेथे फी नाही, मग पैसा जातो कुठे?" असे विचारणाऱ्याला बहुधा या कागदावरच उत्तर मिळते. आईच्या अंगावर नवी साडी दिसली, एवढ्यावरून मुलाचा पैसा उडाला असे ठरत नाही. तीही कुठे मजुरीला जात असेल.

तरीही काही वेळा संशय खरा निघतो. शाळेची किंवा वसतिगृहाची रक्कम महिनोन्महिने थकते, डॉक्टरने लिहून दिलेले औषध आणले जात नाही, मूल आजोळी पडून असते आणि पोटगी घेणारे माणूस दुसऱ्याच गावी राहते. या गोष्टी पुराव्याने दाखवता येतात. शाळेत जाऊन चौकशी करावी, तारखा लिहून ठेवाव्यात, खुलासा लेखी मागावा. मुलाला मात्र हेर करू नये. "आईने काय आणले, सांग," असे दर भेटीला विचारले, तर मूल दोघांनाही चोरून वागायला शिकते.

यानंतरचा मार्ग न्यायालयाचा. पोटगी कोणाच्या हाती द्यावयाची, हे वेळोवेळी ठरविण्याचा अधिकार १४४ व्या कलमानेच न्यायदंडाधिकाऱ्याला दिला आहे. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले तर १४६ व्या कलमाखाली रक्कमही बदलून मागता येते. म्हणून अर्जात "पोटगी बंद करा" असे मागू नये. फीची रक्कम परस्पर शाळेत भरण्याची परवानगी द्यावी, किंवा मूल ज्याच्याजवळ खरोखर राहते त्याच्या हाती पैसे द्यावेत, असे मागावे. हुकूम बदलेपर्यंत ठरलेली रक्कम ठरलेल्या रीतीनेच द्यावी, तीही बँकेतून. रोखीने दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो.

येथे नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेला एक खटला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या न्यायालयाने २०१५ साली पत्नीची आणि मुलाची रक्कम निरनिराळी ठरविली: मुलाला सप्टेंबर २०१३ पासून महिना ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी हुकूम कायम केला आणि देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मिळकत, खर्च आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषध आणि शिक्षण धरावयाचे. शिक्षणाचा भार सामान्यतः बापाने उचलावयाचा. आई पुरेसे मिळवीत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावयाचा. संशयाने जे कधी कळत नाही, ते या प्रतिज्ञापत्राने दोघांच्याही बाबतीत उघड्यावर येते.

वकिलाला पैसे कोठून आणावेत, असे कोणी म्हणेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार हे तिघेही मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि मुलाची उपासमार किंवा मारहाण होत असेल, तर पोटगीच्या तारखेची वाट न पाहता १०९८ हा क्रमांक फिरवावा.

मातांनाही आमचे एक सांगणे आहे. पावतीन् पावती दाखविण्याचे बंधन हे कलम तुमच्यावर घालत नाही. तरी मुलाच्या खर्चाची एक वही ठेवा. ती बापाच्या धाकाने ठेवायची नाही. उद्या रक्कम वाढवून मागताना तीच तुमच्या बाजूने बोलेल.

कारखान्यात हिशेबाबद्दल शंका आली तर आम्ही कामगाराला यंत्र फोडायला सांगत नाही. हिशेब मागायला सांगतो. घरचा न्याय याहून वेगळा असण्याचे कारण नाही. हिशेब जरूर मागावा. परंतु तो मागत असताना महिन्याच्या ठरल्या तारखेला मुलाचे पैसे पोचलेच पाहिजेत.