इंजिनाचा श्वास आणि झडपांची वेळ

माणूस चालताना संथ श्वास घेतो. धावू लागला की त्याची छाती भात्यासारखी हलते. मोटारीच्या इंजिनाचेही काहीसे असेच असते. प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचे उंचवटे त्या झडपा उघडतात.

इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. गाडी जागेवर उभी असताना, मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या गतीत, प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे ७ वेळा उघडते. ६,००० फेऱ्यांना तब्बल ५० वेळा! एवढ्या घाईत सिलिंडर भरायचा तर आत घेणारी झडप थोडी उशिरा मिटलेली बरी. वेगाने येणारी हवा, पिस्टन वर निघाला तरी, आपल्या जोरावर आत शिरत राहते. संथ गतीत मात्र हवेला तो जोर नसतो. झडप उशिरा मिटली, तर आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि इंजिनाची ओढ कमी होते.

जुन्या इंजिनांत झडपांची वेळ कायमची ठरलेली असे. त्यामुळे मधला मार्ग काढावा लागे. १९८० मध्ये इटलीच्या अल्फा रोमिओने आपल्या स्पायडर मोटारीत ही वेळ बदलण्याची सोय केली. १९८९ मध्ये जपानच्या होंडाने ‘व्हीटेक’ आणले. त्यात संथ आणि वेगवान गतीसाठी वेगवेगळे उंचवटे होते. १.६ लिटरच्या त्या इंजिनाची ताकद होती १६० अश्वशक्ती!

आजच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला तेलाचे कप्पे असलेले चाक असते. संगणकाच्या हुकमाने त्या कप्प्यांत दाबाखाली तेल सोडले जाते आणि कॅमशाफ्ट काही अंश पुढे-मागे सरकतो. त्याबरोबर झडपांची वेळही बदलते. गर्दीत ओढ, महामार्गावर जोर, शिवाय पेट्रोलची बचत असा तिहेरी लाभ होतो.

मात्र हे सारे इंजिन ऑइलवर चालते, हे गाडीमालकाने विसरू नये. तेल वेळेवर बदलले नाही तर साचलेला गाळ बारीक वाटा तुंबवतो. मग इंजिन थरथरते, अ‍ॅव्हरेज घसरते आणि दुरुस्तीचा खर्च तेलाच्या डब्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेले तेल, सांगितलेल्या मुदतीत बदलावे. इंजिनाचा श्वास मोकळा राहील आणि खिशालाही चाट बसणार नाही.