त्वचेवरच्या दुर्मीळ साध्या गाठी

त्वचेवर उठणाऱ्या बहुसंख्य गाठी साध्या असतात. साधी गाठ जागच्या जागी वाढते. ती शेजारच्या पेशींत घुसत नाही आणि रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दुसऱ्या अवयवात जात नाही. तीळ, मानेवरचे मस, चरबीची गाठ, आवाळू हे प्रकार घरोघरी ओळखीचे आहेत. मात्र त्वचेत केसांची मुळे, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, चेतातंतू, बारीक रक्तवाहिन्या आणि केस उभे करणारे स्नायूही असतात. यांतल्या प्रत्येकापासून वेगळी गाठ होऊ शकते. वरून पाहिले तर त्यांतल्या कितीतरी गाठी एकसारख्याच दिसतात: वाटाण्याएवढ्या, त्वचेच्याच रंगाच्या, न दुखणाऱ्या. निदानाची खरी अडचण इथेच आहे.

‘दुर्मीळ’ हा शब्द लोकसंख्येशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा आपलाच पट्टा घेऊ. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. तिन्ही शहरे मिळून सव्वानऊ लाखांहून अधिक माणसे झाली, आणि त्यानंतर वस्ती झपाट्याने वाढली. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा चेतातंतूंच्या गाठींचा आनुवंशिक विकार साधारण ३,००० जन्मांमागे एकाला होतो. हे प्रमाण धरले तर जुन्या लोकसंख्येतही या पट्ट्यात असे सुमारे ३०० रुग्ण असायला हवेत. एखाद्या डॉक्टरला वर्षानुवर्षे न दिसणारा आजार शहरात मात्र असतोच.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. गाठ जन्मापासून आहे की नंतर आली, महिन्यांत वाढली की वर्षांत, दुखते का, रक्त येते का, घरात आणखी कोणाला आहे का, आणि हाताला काम कोणते. शेवटचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा आहे. उल्हासनगरच्या कॅम्प म्हटल्या जाणाऱ्या भागांमधून जीन्स आणि तयार कपड्यांची शिलाई चालते. मशिनची सुई बोटात घुसली की वरच्या त्वचेच्या पेशी आत ढकलल्या जाऊ शकतात. पुढे काही महिन्यांनी तिथे टणक, गोल पिशवी तयार होते. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचा कीस बोटाला लागणे रोजचेच. अशा जखमेवर काही आठवड्यांत लालभडक, जरा धक्का लागताच भळभळणारा कोंब उगवतो. तो रक्तवाहिन्यांचा असतो आणि साधा असतो, पण रक्त पाहून घरचे हादरतात. तळपायावर घामाच्या नळीपासून पोरोमा नावाची गाठ होते. ती बहुधा कुरूप समजली जाते आणि कुरुपाच्या पट्ट्या लावण्यात वर्षे जातात. त्याच तळपायावर मेलानोमा हा घातक कर्करोगही होतो, आणि भारतीयांत त्याची तळपाय ही नेहमीची जागा आहे. म्हणून बरे न होणारे ‘कुरूप’ तपासून घ्यायलाच हवे.

दुखणाऱ्या साध्या गाठी मोजक्याच आहेत. त्यांतली ग्लोमस गाठ सर्वांत जास्त छळते. बोटांच्या टोकांशी तापमान सांभाळणारी सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी असते, तिच्यापासून ही गाठ उद्भवते. ती बहुतेकदा नखाखाली असते, आकार काही मिलिमीटरच, आणि स्त्रियांत अधिक आढळते. थंड पाण्यात हात घातला की बोटातून कळ थेट खांद्यापर्यंत जाते. बदलापुरात हिवाळ्यात मुंबईपेक्षा थंडी जास्त पडते. पहाटे भांडी घासणाऱ्या बाईला त्या दिवसांत हा त्रास असह्य होतो. बाहेरून मात्र फारसे काही दिसत नाही, फार तर नखाखाली निळसर छटा. त्यामुळे संधिवात, मानेचा मणका, मनाचा खेळ अशी निदाने होत राहतात. खरे निदान दवाखान्यातल्या टाचणीने होऊ शकते. टाचणीच्या डोक्याने नख दाबत गेल्यावर एकाच बिंदूला रुग्ण किंचाळतो आणि शेजारी दाबले तर काहीच होत नाही. दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून रक्तपुरवठा रोखला की वेदना थांबते. हे दोन्ही जुळले तर एमआरआय करून जागा नक्की करतात. नख उचलून गाठ पूर्ण काढली की वर्षांचे दुखणे संपते.

मुलांमध्ये वेगळीच गाठ भेटते. गालावर, मानेवर किंवा दंडावर, कातडीखाली खड्यासारखी टणक, कधी निळसर. कातडी ताणली की तिचे कोपरे तंबूच्या खांबांसारखे उठून दिसतात. ही पायलोमॅट्रिकोमा. केस घडवणाऱ्या पेशींपासून ती बनते. १८८० मध्ये फ्रान्समध्ये मालेर्ब आणि शनांते यांनी तिचे वर्णन केले, तेव्हा ती तैलग्रंथीची समजली गेली. १९६१ मध्ये फोर्बिस आणि हेल्विग यांनी तिचे मूळ केसात असल्याचे दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली कडेला गडद, दाटीवाटीच्या पेशी दिसतात. मध्यभागी केंद्रक विरघळून गेलेल्या, फक्त बाह्यरेषा उरलेल्या फिकट पेशी असतात, आणि बहुतेकदा त्यांत चुना साचलेला असतो. सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत नेमक्या त्या गडद पेशीच आल्या तर कर्करोगाचा संशय घेतला जातो. लहान मुलाच्या आईवडिलांवर असा अहवाल वज्राघातासारखा कोसळतो. म्हणून या वयात, या जागी, अशी टणक गाठ असेल तर सुईच्या अहवालावर थांबू नये. पूर्ण गाठ काढून तपासावी. ती सहसा परत येत नाही.

महाराष्ट्रात त्वचेवरच्या गाठींचा विचार कुष्ठरोग वगळून करता येत नाही. १९६३ मध्ये वेड यांनी हिस्टॉइड कुष्ठरोगाचे वर्णन केले. त्यात त्वचेवर चकचकीत, घुमटाकार, टणक गाठी येतात आणि त्या साध्या तंतुगाठींसारख्या दिसतात. त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यात मात्र जंतूंचा खच असतो. अशा रुग्णाला ‘साध्या गाठी आहेत, राहू द्या’ असे सांगणे धोक्याचे ठरते, कारण सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या औषधोपचाराने थांबू शकणारा संसर्ग तसाच चालू राहतो. याच्या उलट अन्याय न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या रुग्णांवर होतो. अंगभर मऊ गाठी पाहून शेजारीपाजारी महारोग म्हणतात आणि मुलामुलींची लग्ने अडतात. या विकारात गाठ बोटाने दाबली की काजघरातून बटण जावे तशी आत जाते. लहानपणापासून दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतात, काखेत बारीक ठिपके असतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. निम्म्या रुग्णांत तो आईवडिलांकडून आलेलाही नसतो, नव्या जनुकीय बदलातून होतो. यातली एखादी गाठ अचानक वाढू वा दुखू लागली तर मात्र लगेच दाखवावे.

काही गाठींमागे घराणेच असते. चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूंना तरुणपणी उठलेले असंख्य बारीक दाणे मुरुमे समजून वर्षे जातात. ते सीवायएलडी या जनुकातील दोषाचे असू शकतात. आईच्या किंवा आजीच्या डोक्यावर गाठी होत्या का, हे विचारले की उलगडा होतो.

डोळ्यांनी आणि बोटांनी इथवर जाता येते. नाव मात्र काचपट्टीवर ठरते. या शास्त्राची, म्हणजे पॅथॉलॉजीची, भारतातली पायाभरणी केली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर या गोमंतकीय पॅथॉलॉजिस्टने. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांनी प्रयोगशाळा उभ्या केल्या. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे अभ्यासाचे दोन विषय होते. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह धोतराच्या घट्ट गाठीमुळे कंबरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षे काचणाऱ्या डागाकडे आजही त्याच नजरेने पाहावे लागते.

काचपट्टीपर्यंत पोहोचण्याची वाट साधी आहे. काढलेला तुकडा त्याच्या दहापट आकारमानाच्या दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. नंतर तो मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि रंगवतात. तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरडा ठेवला तर तो खराब होतो. चुना-सोडा लावून, बिब्ब्याने जाळून किंवा पार्लरमधल्या यंत्राने करपवून काढलेल्या गाठीचे तर काहीच उरत नाही. बिब्बा वरून कातडीवर फोडही उठवतो. घोड्याचा केस बांधून पाडलेल्या चामखिळीची तीच गत. यांतल्या बहुतेक गाठी साध्याच असतील, पण कोणती साधी नव्हती हे नंतर कळायला मार्ग राहत नाही.

सोयी अगदी दूर नाहीत. उल्हासनगरला कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढे पाठवलेला रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा परळच्या केईएममध्ये जाऊ शकतो. तिन्ही ठिकाणे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. तरी रोजंदारी बुडवून तपासणीचा तुकडा द्यायला एकदा आणि अहवालाला पुन्हा जाणे अनेकांना जमत नाही. म्हणूनच ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या विषयात सर्वांत मोठी घडामोड ठरते. पॅथॉलॉजी हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा सक्तीचा विषय आहे. तो शिकवायचा तर काप, काचपट्ट्या आणि शिक्षक गावातच लागतात.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे. गाठ कुठेही काढा, पण काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. अहवाल हातात घ्या आणि त्यावरचा नमुना क्रमांक जपून ठेवा. त्या क्रमांकावरून मेणाचा ठोकळा शोधून दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा दाखवता येतो.