मोरपिसाचा निळा रंग कुठून येतो?

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्याच्या अखेरीस मोर आपली पिसे टाकतात. शिवारात सापडलेले पीस मुले हौसेने घरी आणतात. आपल्याकडे ते अदबीने कुरआन शरीफच्या पानांत खूण म्हणून ठेवण्याची जुनी रीत आहे. अशा वेळी एखादी नात विचारते, "दादी, हा रंग कोणी लावला?" "अल्लाहची कुदरत," हे उत्तर खरेच आहे. पण तेवढ्यावर मुलीला गप्प करू नये.

तिला पीस खिडकीच्या उजेडाआड धरायला सांगा. निळा-हिरवा रंग जाऊन पीस तपकिरी दिसेल. कारण पिसात निळा रंग नसतोच. मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या अतिसूक्ष्म काड्या तिथे जाळीसारख्या रचलेल्या असतात. दोन काड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर असेल तर निळा रंग परततो, १५० असेल तर हिरवा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

अशी जाळी आता माणूसही बनवतो. तिला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. पेन्सिलीच्या शिशातल्या ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ थर म्हणजे ग्रॅफिन. २००४ साली मँचेस्टरमध्ये तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला गेला आणि २०१० मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळाले. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि कोरियातील संशोधकांनी ग्रॅफिनच्या पट्टीतून वीज सोडली, तेव्हा ती जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेसारखी उजळली. खालच्या सिलिकॉनपासूनचे तिचे अंतर बदलले की प्रकाशाची छटा बदलत असे. पुढे ग्रॅफिन फोटॉनिक क्रिस्टलच्या पोकळीवर ठेवून हव्या त्याच लहरींचा प्रकाश मिळवण्यात आला. उद्या संगणकाच्या चिपमध्ये तारेऐवजी प्रकाशाने निरोप जावेत, यासाठी ही धडपड आहे.

प्रकाशाची पारख आपल्याला परकी नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' लिहिली. प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्यांचा खरा वारसा पडताळून पाहण्यात आहे.

तेव्हा दहावीनंतर विज्ञान शिकू म्हणणाऱ्या मुलीला "तुला काय करायचंय?" असे म्हणण्याआधी ते मोरपीस एकदा उजेडाआड धरून पाहा.